उशाशी ठेवलेला श्वास

विमान महाळुंग्यात आलं ते तुकड्यातुकड्यांनी. आधी शेपूट आलं, मग चाकं, आणि शेवटी पंख कापून टाकलेलं लांबलचक धड. ते धड घेऊन येणारा ट्रेलर वळणावर अडकला तेव्हा कंपन्यांच्या गेटवरचे वॉचमनसुद्धा मोबाइल काढून रस्त्यावर आले. साधना आपल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. पिसं काढलेल्या कोंबडीसारखं ते तिला दिसलं आणि तिनं दार लोटून घेतलं.

हल्ली ती कशालाही भ्यायची. साधना काही जन्माची भित्री नव्हती. परभणीकडच्या माहेरी ती विहिरीत वरून उड्या मारायची. लग्न करून नवऱ्यामागं इकडं आली तेव्हा कंपनीची बस चुकली तर बिनधास्त ट्रकला हात करायची. पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा शेखर गेला. दवाखान्याच्या दारात, ॲम्ब्युलन्समध्येच गेला, कारण आतला ऑक्सिजन संपला होता आणि दुसरीकडं कुठं मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा हात तिच्या हातात होता. तो मासळीसारखं तोंड उघडत होता, मिटत होता. त्या दिवशी साधना घरी परतली ती भीती घेऊनच, आणि मग ती भीती घरातल्या माणसासारखी घरातच राहिली.

शेगडीचं बटण बंद केल्यावर ती तीनदा हात लावून बघायची. पंख्याचा आवाज बदलला तर उठून बसायची. तिची सासू मंजुळाबाई दम्याची. तिच्यासाठी साधना दम्याचे दोन पंप ठेवायची, एक उशाखाली आणि एक स्वतःच्या पर्समध्ये, जणू सासूला दम लागला तर साधना जिथं असेल तिथून तो तिच्या तोंडात फवारता येणार होता. म्हातारी झोपली की साधना तिच्या पाठीवर हात ठेवायची. पाठ वर आली, खाली गेली की हात काढायची.

"मी मेले का बघायलीस?" मंजुळाबाई डोळे न उघडता विचारायची.

"पांघरूण बघायले, आत्या."

"पांघरूण बघायला हात आत पाठीवर लागतोय व्हय?"

पिंपळे गुरवला दिलेली लेक दिव्या म्हणायची, आई, तू डॉक्टरला दाखव, हा आजार आहे. साधना म्हणायची, बघू.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत तिनं बरीच वर्षं काढली होती. ती कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि बायका घरी बसल्या. मग हिंदुरावांनी तिला बोलावलं. हिंदुराव मूळचे गावातले. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या दहा खोल्या ओळीनं बांधल्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला भंगाराचं मोठं आवार टाकलं. साधना त्यातल्याच एका खोलीत राहायची. कुठल्याशा विमानतळाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं ऊनपाऊस खात उभं असलेलं ते जुनं जेट हिंदुरावांनी लिलावात घेतलं होतं. पुढचा भाग एका नव्या संग्रहालयाला जसाच्या तसा हवा होता. मागचं सुटं करून विकायचं होतं.

"बाई, आत खुर्च्या हायत," हिंदुराव म्हणाले. "त्यांची कापडं अशी उसवायची की धागा तुटला तरी कापड फाटायचं न्हाई. धुवायची आन परत तशीच चढवायची. आमच्या पोरांना सांगितलं तर ती कटरनं कापत्यात."

साधनाला हे जमणारं काम होतं. विमानाच्या पोटात शिरताना पहिल्या दिवशी तिनं दाराची चौकट धरून ठेवली. आत कोंदट वास होता, जुन्या ट्रंकेत लोकरीचे कपडे राहिल्यासारखा. हळूहळू ती रुळली. एकेका खुर्चीची शिलाई अर्ध्या ब्लेडनं उसवताना तिला फटींत चॉकलेटचे कागद सापडत, केसांच्या पिना सापडत. एकदा लहान मुलीची काचेची बांगडी निघाली, अख्खी. कुणाची असेल, ती पोर आता म्हातारी झाली असेल, असलं काही मनात येऊन हात थांबे, मग पुन्हा चालू होई.

काय जपायचं आणि काय मोडायचं हे ठरवायला निगडीहून विजयश्री मॅडम येत. त्यांनी बरीच वर्षं विमानांच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना एकत्र उभं केलं होतं.

"प्रत्येक खुर्चीच्या डोक्यावर एक खण आहे. त्या खणात डबा आहे, डब्यात ऑक्सिजन आहे. त्या डब्यांना कुणीही हात लावायचा नाही. मी एकटीच काढणार."

"हात लावंल त्याचा हात ऱ्हायचा न्हाई," हिंदुरावांनी मागून भर घातली आणि पोरं हसली.

बाकीच्यांनी एवढंच ऐकलं की हात लावायचा नाही. साधनानं एवढंच ऐकलं की ऑक्सिजन आहे. तोसुद्धा डोक्यावर, ओळीनं, प्रत्येक खुर्चीला. हात लावू नका हे तर सराफही सांगतो, मोलाच्या वस्तूबद्दल सांगतो. मॅडम आणि हिंदुराव दोघंही एवढ्या जपणुकीनं सांगतात म्हणजे तो डबा भारी मोलाचा असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

मागच्या भागात काही खण आधीच उचकटून पडले होते. त्यांतून पिवळ्या रबरी वाट्या नळ्यांना लोंबत होत्या. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा साधना मटकन खुर्चीच्या सांगाड्यावर बसली. शेखरसाठी तिनं अशी एक वाटी शहरभर शोधली होती. आणि इथं त्या ढिगानं पडलेल्या, धूळ खात.

खणाच्या झाकणावर चित्र होतं. चित्रातली बाई वाटी तोंडाला लावून दोरी ओढत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती. साधनानं ते चित्र नीट बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं एक डबा, त्याची दोरी आणि वाटी असं सगळं एकत्र सोडवलं, ओढणीत गुंडाळलं आणि जेवणाच्या पिशवीत तळाशी ठेवलं. गेटमधून बाहेर पडताना तिनं पिशवी पोटाशी धरली होती. चोरी तिनं आयुष्यात केली नव्हती.

मंजुळाबाईनं वाटी उलटीपालटी करून पाहिली.

"काय गं हे?"

"ऑक्सिजन. विमानातला."

शेखर गेला त्या वर्षानंतर हा शब्द म्हातारीला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली. "विकत घेतलास?"

"मॅडमनं दिला."

"असं कुणी देतंय व्हय सास?" म्हातारी म्हणाली, पण वाटी खाली ठेवली नाही.

साधनानं तिला शिकवलं. आधी पंप घ्यायचा. पंपानं भागलं नाही तर डबा मांडीवर घ्यायचा, वाटी तोंडाला लावायची आणि ही दोरी जोरात ओढायची. ओढायची नाही आत्ता, नुसतं दाखव. म्हातारीनं दाखवलं. साधनानं पुन्हा दाखवायला लावलं. मग डब्याला पोचा पडू नये म्हणून तो उशाशी गोधड्यांच्या चळतीत, मऊ जागी ठेवला. ही गोष्ट तिनं दिव्यालाही सांगितली नाही. त्या रात्री तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला नाही. झोप कशी लागली ते तिलाच कळलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी धुकं आणि कंपन्यांचा धूर एकत्र होऊन खाली बसला. मंजुळाबाईची छाती शिट्टीसारखी वाजत होती. एरवी अशा दिवशी साधना कामाला गेलीच नसती. त्या दिवशी तिनं गोधड्यांकडं बोट दाखवलं, "आत्या, ते आहे ना," असं म्हणाली आणि जेवणाची पिशवी घेऊन कामाला निघाली.

दुपारच्या आधी ती धुतलेली कापडं वाळत घालायला आवाराच्या मागं आली. तिथं विजयश्री मॅडमनी विटा रचून वाळूचा बिछाना केला होता आणि त्यावर एक डबा ठेवला होता. तसलाच. त्याच्या दोरीला लांब सुतळी बांधून त्या मागं सरकत होत्या.

"मॅडम, हे काय करताय?"

"हे डबे कुठं नेता येत नाहीत, ठेवताही येत नाहीत. इथंच जाळून संपवायचे. लांब राहा, साधनाताई."

त्यांनी सुतळी ओढली. टक असा आवाज झाला, माचिसची काडी ओढल्यासारखा. मग फुसफुस सुरू झाली. साधना वाट बघत राहिली, आता हवा सुटेल. हवा दिसली नाही. डब्याचा रंग आधी पिवळट झाला, मग तपकिरी, मग तो फोड येऊन सोलायला लागला. जळका वास आला. वाळत घातलेल्या कापडांतला एक जुना पडदा वाऱ्यानं सुटला, त्याचं टोक विटांवर पडलं, आणि साधनानं आजवर कापड जळताना पाहिलं होतं तसं ते जळलं नाही. ते एकदम, पांढऱ्या ज्वाळेनं, होत्याचं नव्हतं झालं.

मॅडमनी फावड्यानं वाळू ओढली. त्यांचा आवाज शांत होता. "म्हणून सांगत होते हात लावू नका. हा सिलिंडर नाही, भट्टी आहे. आत मसाला पेटतो, त्यातून ऑक्सिजन निघतो आणि डबा तापलेल्या तव्याच्या वर तापतो. विमानात तो धातूच्या खणात पक्का बसवलेला असतो म्हणून चालतं. त्यात हे इतकी वर्षं मुदत संपलेले."

साधनाच्या हातात ओलं कव्हर होतं. त्याचं पाणी तिच्या पायांवर पडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. गोधड्या. गोधड्यांमध्ये आपण ठेवलाय. आणि दोरी जोरात ओढायची, हेही आपणच शिकवलंय.

तिनं मोबाइल काढून सासूला फोन लावला. बराच वेळ वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. म्हातारीला दम लागला की ती फोन उचलत नसे. बोलायलाच येत नसे तर उचलून काय करायचं, असं तिचं म्हणणं. ओळीतल्या बाकीच्या खोल्यांमधली माणसं शिफ्टला गेलेली.

गेटला कुलूप होतं. किल्ली हिंदुरावांकडं. ते खुर्ची टाकून चहा पीत बसले होते.

"अण्णा, घरी जायचंय. आत्याला बरं नाही."

"आत्ता? ट्रक भरायचाय मागचा. जेवायच्या सुट्टीत जावा की."

"आत्ताच जायचंय."

तिचा चेहरा बघून ते उठले, किल्ली कमरेची काढली. आता गेट उघडलं की पळत सुटता आलं असतं. चोरी कुणाला कळली नसती. पण घरी जाऊन त्या डब्याचं करायचं काय हेच तिला माहीत नव्हतं. उचलला आणि पेटला तर? पाण्यात टाकला तर? ती मागं वळली. मॅडम हात पुसत येत होत्या.

"मॅडम," साधना म्हणाली, "दोरी ओढली नाही तर काही होत नाही ना?"

मॅडम थांबल्या. हिंदुरावांच्या हातातली किल्ली तशीच कुलपात राहिली.

"कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"घरी. आत्याला दम्याचं आहे, म्हणून मी…"

"कशात ठेवलाय, साधनाताई?"

"गोधड्यांत."

मॅडम रागावल्या असत्या तर साधनाला बरं वाटलं असतं. त्यांच्या ओठांचा रंग गेला, हे तिनं पाहिलं.

"माझ्या खोल्यांत?" हिंदुराव म्हणाले. "अहो बाई, दहा खोल्यांत दहा गॅसच्या टाक्या हायत." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "आन म्हातारी एकटी हाय का आत?"

जीप त्यांनी कशी काढली ते साधनाला नंतर आठवेना. मॅडम मागं बसल्या होत्या, मुठीत एक छोटी प्लास्टिकची टोपी धरून. ही टोपी डब्याच्या टोकावर बसवली की मग दोरी ओढली तरी तो पेटत नाही, असं त्या सांगत होत्या. "मी बसवते. फक्त तोवर दोरीला ताण पडू द्यायचा नाही. समजलं? ताण नाही." साधना खोल्यांच्या दिशेला आकाशात बघत होती. धूर दिसतोय की धुकं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मंजुळाबाई भिंतीला टेकून, गोधड्या मांडीवर ओढून बसली होती. डबा मांडीवर. पिवळी वाटी तोंडावर. दोरी तिनं उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळून घेतली होती आणि ती ओढत होती. संधिवातानं वाकलेली बोटं दोरीवरून घसरत होती, ती पुन्हा गुंडाळत होती. पंप खाली पडलेला. तिचे खांदे कानांपर्यंत वर जात होते.

साधनाला ओरडायचं होतं. तिनं ओरडणं गिळलं. दचकून म्हातारीनं हिसका दिला तर संपलं. मागून मॅडम उंबऱ्यात आल्या, तशी म्हातारी डबा पोटाशी धरून मागं सरली. अनोळखी बाई, चांगल्या कपड्यातली. वस्तू परत न्यायला आली, हे तिनं लगेच ओळखलं.

"तुम्ही बाहेर थांबा, मॅडम," साधना हळूच म्हणाली आणि सासूशेजारी जाऊन बसली, रोज बसायची तशी. तिनं डाव्या हातानं डब्यापाशी दोरी धरली आणि आपल्या बोटाला वेढा घेतला. म्हातारीनं ओढलं. ताण साधनाच्या बोटावर आला. दोरी कातडीत रुतली. डब्यापर्यंत गेली नाही.

"आत्या, सोड."

म्हातारीनं वाटी जराशी बाजूला केली. एकेका शब्दाला श्वास मोजावा लागत होता. "मव्हा सास… काढून घ्यायलीस?"

"त्याच्यात सास नाही. आग आहे."

"तूच… सांगितलंस."

खरंच होतं. तिनंच सांगितलं होतं, पाठ करून घेतलं होतं. आता हे खोटं आणि ते खरं, हे समजावून सांगायला वेळ कुठं होता, आणि म्हातारीनं का ऐकावं? पुन्हा एक ओढ आली, आधीपेक्षा जोराची. साधनाचं बोट निळं पडलं. तिचं डोकं रिकामं झालं आणि त्या रिकाम्या डोक्यात जे आलं ते ती बोलली.

"आत्या, हा रिकामा आहे. मी रिकामाच आणला, मला माहीत नव्हतं. गॅसची टाकी कशी बदलून देतात, तसं बदलून द्यायला आलेत. बाहेर गाडी उभी आहे. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. रिकामा दिल्याशिवाय भरलेला देत नाहीत, तुला ठाऊक आहे ना?"

म्हातारीनं दाराकडं पाहिलं. तिथं मॅडम, त्यांच्यामागं जीप. गॅसची गाडी दारात येऊन उभी राहिली की रिकामी टाकी कशी लगबगीनं पुढं करायची, हे तिनं वर्षानुवर्षं केलं होतं. नाहीतर गाडी निघून जायची.

"भरलेला… तपासून… घे," ती म्हणाली आणि बोटांवरची दोरी सोडवायला लागली. ती सुटेपर्यंत साधनानं श्वास घेतला नाही. मॅडम पुढं आल्या, त्यांनी टोपी बसवली. डबा छातीशी न धरता, हात लांब करून, त्या मागच्या मोकळ्या रानाकडं चालत गेल्या.

हिंदुरावांनी म्हातारीला मुलासारखं उचलून जीपमध्ये ठेवलं. खरं संकट तिथून पुढं होतं, हे चाकणच्या रस्त्याला लागल्यावर कळलं. कंटेनरमागं कंटेनर, हलायला जागा नाही. मंजुळाबाईचं डोकं साधनाच्या खांद्यावर होतं आणि तिचे ओठ जांभळे दिसायला लागले होते. साधना तिच्या तोंडात पंप मारत होती, तो आत जात नव्हता. शेखरच्या वेळीही गाडी अशीच उभी होती. "आत्या, माझ्याकडं बघ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हिंदुराव खाली उतरले आणि कंटेनरवाल्यांच्या दारांवर थापा मारत पुढं पळाले. "अरे भावा, म्हातारी मरतीया गाडीत, घे की जरा कडंला." या वयात त्यांना असं पळताना गावातल्या कुणी पाहिलं नसेल. परत आले तेव्हा धापा टाकत होते, पण एक फट झाली होती. त्या फटीतून त्यांनी जीप घातली.

दवाखान्यात मंजुळाबाईला लगेच आत घेतलं. वाफेचं औषध, सुई, भिंतीतून आलेली नळी. साधना खाटेच्या कडेला उभी राहून पाठ बघत होती. पाठ वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. शिट्टी हळूहळू बारीक झाली. ओठांवर रंग आला तेव्हा साधनाचं बोट ठणकायला लागलं. तोवर तिला ते आठवलंच नव्हतं.

बाहेर बाकावर हिंदुराव बसले होते. ती आली तशी ते जमिनीकडं बघत बोलले.

"सोमवारपासनं येताना पिशवी गेटवर दाखवायची. जातानाबी."

"सगळ्यांनी?"

"न्हाई. तुमीच."

"बरं," साधना म्हणाली. कामावरून काढलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं. तोंडावर मात्र कुणीतरी मारल्यासारखं वाटलं, आणि ते मारणं वाजवी आहे हेही कळत होतं.

ती आत गेली. सिस्टर मंजुळाबाईच्या तोंडावरचा मास्क काढायला बघत होती. औषध संपलं होतं, आता नाकातली बारीक नळी पुरे होती. म्हातारीनं मास्क दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

"आजी, सोडा बरं. झालं आता."

मंजुळाबाईनं सुनेकडं पाहिलं. मास्कच्या आतून आवाज घोगरा येत होता, पण शब्द सलग होते.

"साधने, ह्यो भरलेला हाय."

"हो, आत्या."

"ह्याच्या बदल्यात आता काय मागायलेत हे?"

सिस्टरनं साधनाकडं पाहिलं. साधना खाटेवर टेकली.

"राहू द्या, सिस्टर," ती म्हणाली. "थोडा वेळ तिच्याकडं राहू द्या."